बायकोनूर: भाड्याच्या आभाळाखाली

मुंबई विमानतळ

नाशिकहून कझाकस्तानला जायचं तर नकाशावर पट्टी जवळजवळ उभी ठेवायची आणि वर रेघ मारायची. माझी उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे प्रवासाला निघण्याआधी पट्टी लावायची खोड मला आहे. वाटेत पाकिस्तान लागतो. पट्टीला त्याचं काही नसतं, विमानाला असतं. सध्या आपल्या विमानांना त्यांच्या आभाळात बंदी आणि त्यांच्या विमानांना आपल्या. वळसा घालायचा तर इराणकडून, आणि तिथलं आभाळ उघडं आहे की बंद ते सकाळच्या बातम्या लागल्याशिवाय कळत नाही. पंचवटीतून सातपूरला निघालात आणि रिक्षावाला म्हणाला, इगतपुरीवरून घेतो, तसा हा प्रकार. आपल्याकडच्या कंपनीने ती विमानंच बंद करून टाकली.

आमचे टूरवाले देवरे यांचं कॉलेज रोडला ऑफिस आहे. अष्टविनायकापासून युरोपपर्यंत सगळं नेतात. यंदा त्यांनी ‘रॉकेट दर्शन’ काढलं होतं, बायकोनूरला, म्हणजे कझाकस्तानातल्या ज्या माळावरून रशियाची रॉकेटं उडतात तिथे. आपण आपल्या देशाच्याच विमानाने जाऊ, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ते बारगळलं आणि आम्हाला कझाक कंपनीचं विमान मिळालं. आता गंमत बघा, कझाक विमानाला पाकिस्तानवरून जायला कोणाची ना नाही. म्हणजे माणसं तीच, बॅगा त्याच, बॅगांतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीही तीच, पण शेपटावरचा रंग बदलला की आम्ही एकदम निरुपद्रवी. मग भांडण नक्की कोणाशी आहे, पत्र्याशी का, असं मी देवऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, काकू, बोर्डिंग पास सांभाळा.

आमच्या गटात निफाडचे नानासाहेब होते. द्राक्षं उतरवून झाली, बागेची खरड छाटणी पोरांवर सोपवली आणि गडी मोकळा. समोरच्या पडद्यावर विमानाचं चिन्ह लाहोरच्या जवळ गेलं तसा त्यांनी पडदा बंद केला आणि जेवणाचा ट्रेही परत पाठवला. शत्रूच्या डोक्यावर बसून आपण जेवणार नाय, म्हणाले. खाली डोंगर सुरू झाल्यावर, पाकिस्तान संपला असं धरून, त्यांनी हवाईसुंदरीला खुणेनं बोलावून तोच ट्रे पुन्हा मागून घेतला.

आता खरं कारण सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. रॉकेट बघायचं होतं मला. ह्यांना नव्हे, मला. हे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, तिथे रशियन तज्ज्ञांबरोबर काम करून चार शब्द रशियन शिकले, एवढंच. मी मात्र दर वर्षी तोच धडा शिकवायचे. फळ्यावर खडूने रॉकेट काढायचं, खाली जाळ काढायचा आणि ‘प्रचंड आवाज करत’ असं म्हणायचं. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. खडूचं रॉकेट पुसून पुसून मला त्याचा कंटाळा आला होता. निवृत्त झाल्यावर मी माझ्या पेन्शनीतून टूरचे पैसे भरले, ह्यांचेही भरले, आणि तेव्हापासून ज्याला त्याला वाटतंय की काकांना हौस भारी. देवरे, नानासाहेब, आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीतले सगळे, अगदी रक्तदाब तपासणारा डॉक्टरसुद्धा ह्यांच्याकडे बघून म्हणाला, वा, रॉकेट बघायला चाललात! हे पण ‘नाही, हिची हौस’ असं म्हणाले नाहीत, नुसते हसले.

ह्यांनी बॅगेत घातलं काय, तर पतंग आणि आसारी. आसारी म्हणजे मांज्याचं मोठं लाकडी रीळ. हे मूळचे येवल्याचे, आणि येवल्याचा माणूस लग्नाला निघाला तरी आधी वारा कुठला आहे ते बघतो. कन्याकुमारीला उडवला, बद्रीनाथला उडवला, माझ्या बहिणीच्या वास्तुशांतीला गच्चीवर उडवला. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा आसारी हातात घेऊन तो तपासणीवाला चांगलाच गोंधळला. ह्यांनी त्याला तिथल्या तिथे फिरवून दाखवली, आणि मागची रांग माझ्याकडे बघायला लागली.

अल्माटी

अल्माटीला आम्हाला आयगुल भेटली, आमची गाइड. तिशीची, गोल चेहऱ्याची, इंग्रजी झकास. बाजारात तिने आम्हाला बौर्साक खायला घातले. पीठ भिजवून तळायचं, फुगलं की काढायचं. आपले गुलगुलेच, गूळ तेवढा नाही. चहासुद्धा दुधाचा, वाडग्यातून, हे बघून माझा जीव भांड्यात पडला. घोड्याच्या मांसाच्या फोडी समोर आल्या तेव्हा मात्र सगळ्या गटाला एकदम एकादशी आठवली. नानासाहेबांनी तिथली द्राक्षं चाखली, बी किती, साल कशी, साखर किती उतरली असेल, सगळं तपासलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, लय गोड हाय. पण गावाकडं सांगू नका.”

आयगुलचं आजोळ बायकोनूरच्या पूर्वेला, माळावर. रॉकेट वर गेलं की त्याचे वापरून झालेले भाग तिकडे पडतात. तिच्या मामाच्या शेळ्यांच्या गोठ्याचं छप्पर त्याच पत्र्याचं आहे. पत्रा चांगला, गंजत नाही, पण आधी त्यातल्या विषारी इंधनाची भीती असते. आधी सूचना देतात का, असं मी विचारलं. देतात, म्हणाली, घराबाहेर थांबा म्हणून सांगतात, म्हणजे घरावर पडलं तर आपण बाहेर. हे सांगताना ती हसत होती, मला काही हसू आलं नाही. रॉकेट रशियाचं, आत बसणारा कधी अमेरिकेचा, कधी आणखी कुणाचा, आणि डोक्यावर पडायचं ते हिच्या मामाच्या.

तोरेताम

तोरेताम हे बायकोनूरचं रेल्वे स्टेशन. आगगाडीत डब्याच्या टोकाला उकळतं पाणी कायम तयार असतं, त्यामुळे आमचा गट रात्रभर चहा पीत राहिला आणि पाळीपाळीने संडासापुढे उभा राहिला. बाहेर माळ, नुसता माळ. मनमाडच्या पुढे जसं उघडं दिसतं तसं, पण ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपत नाही.

बायकोनूर गावाला वेस आहे आणि वेशीवर नाका आहे. जमीन कझाकस्तानची, राज्य रशियाचं, भाडेकराराने. पोलीस रशियाचे, रूबल चालतो. आमचे परवाने देवऱ्यांनी काही महिने आधी मागवले होते, ते बघून आम्हाला पटकन सोडलं. आयगुलला थांबवलं. तिचा देश, तिची भाषा, पलीकडे तिचा मामा, आणि तिच्याच पासवरचा शिक्का नाक्यावरच्या रशियन शिपायाला पसंत पडेना. आपल्याकडे देवळाली कॅम्पात लष्कराच्या हद्दीवर अडवतात, पण अडवणारा निदान आपला असतो. भाडेकरूने घरमालकिणीला तिच्याच ओसरीवर उभं करून नाव विचारावं, तसं चाललं होतं. ती शांतपणे उभी होती. सवय आहे, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉकेट कारखान्यातून बाहेर काढून उडायच्या जागी नेतात ते बघितलं. आडवं, आगगाडीवर लादून, नवरीच्या वरातीपेक्षा हळू. लोक रुळावर नाणी ठेवत होते, गाडी वरून गेली की चपटी होतात आणि ती शुभ मानतात. नानासाहेबांनी आपला रुपया ठेवला. मग दाढीवाले धर्मगुरू आले, लांब झगा घालून, आणि त्यांनी रॉकेटवर कुंचल्याने पवित्र पाणी शिंपडलं. ह्यांना भरून आलं. ओझरला खंडेनवमीला आम्ही लढाऊ विमानाला हळदकुंकू लावायचो, तेव्हा हेच रशियन आम्हाला हसायचे, असं हे सगळ्यांना सांगत सुटले. एवढं विज्ञान शिकूनही माणूस शेवटी पाणीच शिंपडतो, हे बघून मला बरं वाटलं का वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

वर जाणारे तिघं, दोन रशियन आणि एक अमेरिकन. खाली ह्या दोन देशांनी एकमेकांचे पैसे गोठवलेत, मुत्सद्दी हाकललेत, विमानांना आभाळ बंद केलंय. वर मात्र दोघांचे अंतराळवीर एका घरात राहतात आणि एकमेकांच्या हवेवर जगतात. आमच्या कॉलनीत दोन भावांची कोर्टात केस चालू आहे आणि गणपती मात्र एकच बसतो, तिथेही आरतीला दोघं शेजारी उभे असतात.

बायकोनूर

उड्डाणाचा दिवस उजाडला. बस दुपारी निघणार होती. मी सकाळीच साडी नेसून, वर स्वेटर, वर कोट, पायात नवऱ्याचे लोकरी मोजे घालून तयार. हे कुठे दिसेनात. नानासाहेबही नाहीत. खिडकीतून बघते तर हॉटेलच्या मागच्या मोकळ्या मैदानात आमच्या ह्यांच्या हातात आसारी, आणि नानासाहेब दोन्ही हातांनी पतंग धरून उलटे चालतायत. ते माळावरचं सरळ, भरलेलं वारं बघून येवल्याचा माणूस थांबेल कसा? मी खाली धावेपर्यंत पतंग हॉटेलच्या गच्चीच्या वर गेला होता, पार टिकलीएवढा झाला होता, आणि कापायला समोर दुसरा पतंग नसतानाही नानासाहेब ‘गई बोल रे धिन्ना’ म्हणून ओरडत होते.

जीप आली. दोन शिपाई उतरले. लढाई चालू असलेल्या देशाला हल्ली आभाळात काहीही दिसलं की ड्रोनच वाटतो, आणि इथे तर रॉकेट उडायचं म्हणून सगळं आभाळ बंद. ह्यांनी घाईने मांजा गुंडाळायला हवा होता. त्याऐवजी ह्यांनी रशियन बोलायला घेतलं. कारखान्यातलं रशियन, त्यात नट, बोल्ट, चांगलं, वाईट आणि विमान एवढेच शब्द. पतंगाला काय म्हणतात ते कारखान्यात कोणी शिकवलेलं नाही. म्हणून ह्यांनी हात हलवत, हसत, त्यांना समजावलं की काही घाबरू नका, हे छोटं विमान आहे, ह्यात पायलट नाही. शिपायांनी दोघांना जीपमध्ये घातलं. पतंग मागच्या सीटवर.

मी कपाळावर हात मारून घेतला आणि आयगुलला घेऊन चौकीवर गेले. देवरे मागोमाग आले, रडवेले होऊन, गटाचा परवाना रद्द झाला तर माझा धंदा बसेल म्हणत. अधिकारी चाळिशीचा, थकलेला, सभ्य. त्याने आमच्यासाठी चहा मागवला. नानासाहेबांनी हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, आपण फक्त धरला होता असं निफाडच्या बोलीत सांगितलं. ते भाषांतर न करताच त्याला कळलं आणि त्याने त्यांना सोडून दिलं. उडवणारा मात्र अडकला. बंद हवाई हद्दीत अनधिकृत उडती वस्तू, असं काहीतरी तो बोलत होता.

मला राहवेना. आयगुलकरवी मी त्याला विचारलं, हद्द म्हणजे जमिनीपासून किती वरपर्यंत? तो म्हणाला, वरपर्यंत. म्हटलं, वर म्हणजे कुठवर? कारण देशाचं आभाळ कुठे संपतं आणि अवकाश कुठे सुरू होतं, हे जगात अजून कोणी ठरवलेलं नाही, मी मुलांना हेच शिकवलंय. त्याने खांदे उडवले. आणि एवढा वेळ नुसतं भाषांतर करणारी आयगुल स्वतःचं काहीतरी बोलली. दोघांची बरीच जुंपली. मग तिने मला सांगितलं की तिने त्याला एवढंच विचारलं, “आम्ही जमीन भाड्याने दिली. आभाळ कधी दिलं?”

त्यावर अधिकारी बराच वेळ कागद चाळत बसला. शेवटी त्याने निकाल दिला. गटाने जावं. ह्यांनी उड्डाण होईपर्यंत चौकीत बसावं, मग सोडू, कागद होणार नाही. पतंग आणि आसारी जप्त. खोलीला खिडकी होती, पण ती मागच्या भिंतीकडे उघडत होती. बायकोला सोबत बसायचं असेल तर बसू दे, असंही तो चांगुलपणाने म्हणाला.

देवऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला म्हणाले, “काकू, तुमच्या डब्यात चटणी ठेवतो, तुम्ही दोघं खा.” म्हणजे मी थांबणार हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. अधिकाऱ्याने दुसरी खुर्ची आणायला सांगितली होती. आयगुल माझ्याकडे बघत होती. हे म्हणाले, “अगं, बस ना. एकट्याला इथे काय करायचं?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. स्वेटरवर मांज्याचा धागा लटकत होता. मला दया आली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला. ओझरला असताना ह्यांची पाळी, ह्यांचा डबा, ह्यांची बदली, ह्यांची संक्रांत, सगळ्यात मी बसत आले. आणि आता रॉकेट माझं, पैसे माझे, आणि बसायचं पुन्हा मीच?

“तुम्ही बसा,” मी म्हटलं. “मी बघून येते.”

अधिकाऱ्याला आयगुलने भाषांतर करून सांगितलं आणि तो पहिल्यांदाच हसला. मी बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले, ह्यांच्या सीटवर माझी पर्स ठेवली.

आता ते कसं होतं ते सांगते. आम्ही माळावर उभे, लांब रॉकेट, फळ्यावर काढायचे त्यापेक्षा बारीक आणि पांढरं, त्यातून वाफ निघतेय. सगळे मोजत होते, रशियनमध्ये, इंग्रजीत, नानासाहेब मराठीत. मग खालून उजेड आला. नारिंगी, डोळ्याला सहन होईना असा, आणि आवाज काहीच नाही. मला वाटलं बिघडलं काहीतरी. ते उचललं गेलं, अगदी सावकाश, आणि मग आवाज आला. जमिनीतून आला, पायांत आला, छातीत आला, साडीच्या निऱ्या थरथरायला लागल्या. ‘प्रचंड आवाज करत’ असं मी इतकी वर्षं म्हणत होते, डोंबल माझं, मला काही माहीत नव्हतं. मी रडत होते आणि हसत होते आणि मला इतका आनंद झाला होता की तसा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. ते ढगात गेलं, पूर्वेकडे वळलं. आयगुल माझा हात धरून उभी होती आणि मला म्हणाली, आता मामाकडचे लोक घराबाहेर उभे असतील.

बसमध्ये सगळे एकदम बोलत होते. देवऱ्यांनी व्हिडिओ काढला होता, त्यात पुढच्या माणसाची टोपी आली होती. चौकीवर हे बाहेरच उभे, हातात कसलंसं सूप. खोलीच्या काचा हलल्या, म्हणाले, एवढंच. मग सगळं विचारून घेतलं, आगगाडीत रात्री विचारलं, विमानात विचारलं. मीही सांगितलं, हौसेनं, बारीकसारीक सगळं, कारण राग ओसरला होता आणि माणूस तसा वाईट नाही. परतीच्या विमानात मुलतान आलं तेव्हा नानासाहेब घोरत होते.

नाशिक रोड

परत आलो तो सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरलेला. फ्लेक्सवर ह्यांचा फोटो, खाली ‘रॉकेट उड्डाणाचे साक्षीदार’, त्याखाली बारीक अक्षरात ‘आणि सौ.’. ह्यांना शाल, मला नारळ. शेजारच्या बायकांनी मला ओढून चौथ्या रांगेत बसवलं. हे उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील. पतंगाचं सांगितलं असतं तर हॉल हसून हसून कोसळला असता, आणि मीही हसले असते.

हे बोलायला लागले आणि चौकी आलीच नाही. मैदान नाही, जीप नाही. थेट ‘आम्ही माळावर उभे होतो’ इथून सुरुवात. मग बारीक पांढरं रॉकेट, मग वाफ, मग थरथरणाऱ्या निऱ्या, त्या तेवढ्या माझ्या नावावर ठेवल्या. सगळे शब्द माझे. लोक तल्लीन होऊन ऐकत होते. मी चौथ्या रांगेत नारळ मांडीवर धरून ऐकत होते.

शेवटी एका मुलीने, अकरावीत आहे ती आमच्या खालच्या मजल्यावरची, हात वर केला. तिने विचारलं, काका, आधी उजेड दिसतो की आधी आवाज येतो?

ते मी सांगितलं होतं, पण हे नेमकं तेच विसरले. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, “एकदमच. उजेड आणि आवाज, दोन्ही एकदम.”

मी उठले. नारळ शेजारणीच्या मांडीवर ठेवला.

“आधी उजेड येतो,” मी त्या मुलीला म्हटलं. “आवाज मागून येतो, आणि तो कानात नाही, छातीत येतो. हे तिथे नव्हते. मी होते. माइक इकडे द्या.”